गाळ्याच्या दारातले तेल



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते विज्ञान शिकवत, म्हणून यंदा वक्ताही विज्ञानातला हवा असे मला कळवण्यात आले. विषय मात्र मी निवडला. पत्रिकेत तो ‘औद्योगिक सांडपाण्यातून तेल वेगळे करणे’ असा छापला आहे. इतक्या कोरड्या नावाच्या विषयाला इतकी माणसे जमली, याचे श्रेय मी मध्यंतरातल्या चहाला देतो. माझी नोकरी सांडपाण्याच्या टाक्यांभोवती गेली. तिथे कळलेली एकच गोष्ट आज सांगायची आहे: तेल पाण्यात पडते त्या जागी ते वेगळे ठेवणे फार सोपे असते आणि तिथून ते जितके पुढे जाईल तितके वेगळे करणे अशक्याकडे सरकते. बाकीचे व्याख्यान म्हणजे या वाक्याचा हिशेब.

तेलकट पाणी म्हटले की आगाशीकराच्या डोळ्यांसमोर आधी समुद्र येतो. पावसाळा लागला, नैर्ऋत्येचा वारा सुटला की अर्नाळ्यापासून नवापूर, राजोडी, कळंबपर्यंतच्या वाळूत काळे डांबरगोळे येऊन पडतात. पायाला चिकटले की रॉकेल लावल्याशिवाय निघत नाहीत, जाळ्याला लागले की जाळे खराब. हे मूळचे समुद्रात सांडलेले कच्चे किंवा जहाजी तेल. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेला लाटांनी घुसळून आणि वाळू-शिंपल्यांचा चुरा लागून घट्ट होतो आणि पावसाळी वारे तो किनाऱ्याला लावतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गोळ्यांचे रासायनिक ठसे जुळवून पाहिले, तेव्हा काहींचा माग बॉम्बे हायच्या तेलापर्यंत गेला आणि काहींचा टँकर जहाजांनी धुतलेल्या टाक्यांपर्यंत. मोठे अपघातही आपण पाहिले. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही जहाजे एकमेकांवर आदळली आणि सुमारे 800 टन तेल सांडले. पुढच्याच वर्षी 4 ऑगस्टला एमव्ही राक हे कोळशाचे जहाज बुडाले आणि त्याच्या इंधनाचे तेल जुहूपर्यंत आले.

त्या तेलाची बातमी होते. मी बोलणार आहे ते पूर्वेकडच्या तेलाबद्दल, ज्याची बातमी होत नाही. रेल्वेच्या पलीकडे, महामार्गाच्या आजूबाजूला, गोखिवरे, सातिवली, वालीव, पेल्हार इथे ओळीच्या ओळी गाळे आहेत. इथे बसलेल्या कितीतरी घरांतली मुले तिथे कामाला जातात, काहींचे स्वतःचे गाळेही असतील. लेथवर, मिलिंगवर, सीएनसीवर धातू कापताना हत्यार तापू नये म्हणून कूलंट सोडतात. डब्यात ते तेल असते, पाण्यात ओतले की दुधासारखे पांढरे होते. साधारण 20 भागांत 1 भाग तेल. काही दिवसांनी ते आंबते, कुबट वास सुटतो, कामगाराच्या हाताला खाज येऊ लागते, आणि ते बदलावे लागते. जुने कुठे जाते, हा आजचा प्रश्न.

आधी डोळ्यांची एक फसगत दूर करू. आपल्या गावांत बावखले, म्हणजे छोटी तळी, आहेत. समजा एका बावखलाच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला. सगळे गाव जमेल, आणि जमावेही. पण हिशेब केला तर तो रंग दिसायला मिलिमीटरच्या 10,000 व्या भागाच्या तिप्पट जाडीचा थरही पुरतो. बावखल 500 चौरस मीटरचे धरले तर तेवढ्याला लागणारे तेल 150 मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक मोठा कप. तेल पाण्यावर किती पसरते याचा प्रयोग बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर केला होता आणि 1774 मध्ये तो प्रसिद्ध केला. एक चमचा तेलाने अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले. तो राजकारणातला माणूस, त्याला लाटा शांत करण्यात रस होता. थराची जाडी मोजण्याचे त्याच्या मनात आले नाही. भागाकार केला असता तर एका रेणूच्या उंचीचा अंदाज त्याला शंभरेक वर्षे आधीच आला असता.

आता ते दुधाळ पाणी घ्या. त्यावर तवंग नाही, रंग नाही, गटारात ओतले तर कोणाचे लक्षही जात नाही. पण 1 लिटरमध्ये 50 मिलिलिटर तेल आहे, वजनाने सुमारे 45 ग्रॅम, म्हणजे 45,000 मिलिग्रॅम. कायदा काय म्हणतो? 1986 च्या पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल-ग्रीस नको. सार्वजनिक गटारात किंवा समुद्रात सोडायचे तर 20. तेलशुद्धीकरण कारखान्यांना तर 2008 पासून 5 चीच मुभा आहे. 10 आणि 45,000. बावखलावरचा तवंग आपल्याला घाबरवतो आणि पांढरे पाणी निमूटपणे निघून जाते, ते हे असे.

तेल पाण्यापेक्षा हलके, मग ते आपोआप वर का येत नाही? येते, पण किती वेळात, ते थेंबाच्या आकारावर ठरते. थेंब निम्मा झाला की वर चढण्याचा वेग निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. स्टोक्स या शास्त्रज्ञाचा हा नियम. आकडे घालून पाहू. 150 मायक्रॉनचा थेंब, म्हणजे जाडसर केसाहून थोडा मोठा, 1 मीटर पाणी चढायला 12 मिनिटे घेतो. 10 मायक्रॉनचा थेंब तेच अंतर चढायला जवळजवळ दोन दिवस घेतो. 1 मायक्रॉनच्या थेंबाला सहा महिने लागतील, आणि तेही टाकीला कोणी धक्का लावला नाही तर. कूलंटमधले थेंब या शेवटच्या जातीचे. शिवाय त्यात साबणासारखे पदार्थ मुद्दाम घातलेले असतात. ते थेंबाभोवती कवच करतात आणि दोन थेंबांना एक होऊ देत नाहीत. कूलंट बनवणाऱ्याने तेल वेगळे होऊ नये म्हणून जेवढी हुशारी खर्च केली, तेवढीच आपल्याला उलट्या दिशेने खर्च करावी लागते.

आपल्या आयांना हे सूत्राशिवाय माहीत होते. नारळाचे दूध पातेल्यात नुसते ठेवले तर वर साय धरते, तेल सुटत नाही, कारण त्यातल्या प्रथिनांनी तेलाचे थेंब धरून ठेवलेले असतात. मंद आचेवर आटवले की प्रथिने फाटतात, चोथा खाली बसतो आणि तेल सुटते. कारखान्याच्या भाषेत याला इमल्शन फोडणे म्हणतात. आच देऊनही फोडता येते, पण हजारो लिटर पाणी तापवायचे इंधन कोण देणार? म्हणून तिथे आम्ल वापरतात.

मोठ्या कारखान्यात हे काम पायऱ्यांनी चालते. पहिली पायरी साधी, लांबट टाकी. पाणी संथपणे जाते, मोठे थेंब वर येतात, पट्टा किंवा फिरती नळी ते काढून घेते. अमेरिकी तेल उद्योगाने ठरवलेली ही टाकी 150 मायक्रॉनपर्यंतच्या थेंबांसाठी असते, त्याहून बारीक थेंब तिच्यातून सुखरूप निघून जातात. पुढच्या पायरीला टाकीत तिरप्या पन्हळी पट्ट्या घालतात. थेंबाला मीटरभर चढण्याऐवजी दोन पट्ट्यांमधले इवलेसे अंतर चढावे लागते, इतकीच त्यातली युक्ती, पण ती 60 मायक्रॉनपर्यंत नेते. मला या सगळ्या यंत्रांत ही फार आवडते. ना मोटर, ना वीज, फक्त भूमिती. त्याच्या पुढे हवा. दाबाखाली पाण्यात हवा विरघळवायची आणि दाब एकदम सोडायचा. सोडा वॉटरची बाटली उघडल्यासारखे असंख्य बुडबुडे सुटतात आणि तेलाचे कण स्वतःला चिकटवून वर नेतात. त्याआधी तुरटी किंवा लोहाचे क्षार घालून बारीक थेंबांचे पुंजके करावे लागतात. कूलंटसारखे हट्टी इमल्शन असेल तर आधी सल्फ्युरिक आम्लाने ते फोडायचे, मग चुन्याने पाणी पुन्हा उदासीन करायचे. आणि ज्याला घाई आहे त्याने पाणी गरगर फिरवायचे. स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने 1878 मध्ये दुधातून साय काढायला फिरते यंत्र बनवले. त्याच तत्त्वावरची यंत्रे आज जहाजांत तेल आणि पाणी वेगळे करतात, आणि त्याच्या नावाच्या कंपनीचा कारखाना पुण्याजवळ दापोडीला आहे.

या सगळ्यातून पाणी स्वच्छ निघते, पण तेल नाहीसे होत नाही. ते वर काढलेल्या काळ्या थरात जाते, किंवा चुना-तुरटीच्या गाळात. तो गाळ कायद्याने घातक कचरा ठरतो आणि तळोज्यासारख्या ठिकाणी पैसे भरून पाठवावा लागतो. छोट्या गाळेवाल्याच्या पोटात गोळा येतो तो इथे. यंत्र एकदाच घ्यायचे असते, गाळ रोज तयार होतो. म्हणून पुष्कळदा यंत्र कोपऱ्यात चकचकीत उभे असते. सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा इतकी चकचकीत दिसली की मी आधी तिच्या पंपाला हात लावून बघतो. थंड असतो.

दुसरी पळवाट सरळ पातळ करण्याची. कायदा लिटरमागे मोजतो, त्यामुळे तेल कमी न करता पाणी वाढवले तरी आकडा खाली येतो. पण किती पाणी? 200 लिटरच्या पिंपातले जुने कूलंट 10 मिलिग्रॅमवर आणायला 9 लाख लिटर पाणी लागेल. 10,000 लिटरचे 90 टँकर. एका पिंपासाठी! टँकरचा हिशेब या वसई तालुक्याला नवा नाही. विहिरी उपसून टँकर भरायचे आणि शहरीकरणाला पाणी पुरवायचे, याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरली होती. पाण्याची किंमत इथे माणसांनी लाठ्या खाऊन शिकलेली आहे. तेल पातळ करायला 90 टँकर कोणी आणत नाही हे खरे. मग नमुन्यापुरती एक बादली पातळ होते, आणि पिंप रात्री गटाराच्या चेंबरमध्ये रिकामे होते.

चेंबरमध्ये गेल्यावर काय होते ते नीट समजून घ्यायला हवे. शेजारच्या गाळ्यात कपडे धुण्याचे रसायन बनते, त्याचा साबण येऊन मिळतो. पलीकडे धातूवर मुलामा देणारा आहे, त्याचे आम्ल आणि जड धातू येतात. घरांचे सांडपाणी येते. मग कुठेतरी पंप लागतो, आणि पंपाचे फिरते पाते उरलेसुरले मोठे थेंबही कुटून बारीक करते. गाळ्याच्या दारात जे तेल 12 मिनिटांत वर आले असते त्याला आता दोन दिवस लागतील, आणि ते एकटेही राहिलेले नाही. खाडीपर्यंत पोहोचल्यावर भरती-ओहोटी त्याला दिवसातून दोनदा आत-बाहेर नेते आणि ते चिखलाला धरून बसते.

सामायिक प्रक्रिया केंद्र बांधले की सुटले, असा एक समज आहे. आपल्याच जिल्ह्यातले तारापूर पाहा. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत दिवसाला 2.5 कोटी लिटर क्षमतेचे केंद्र होते, येणारे पाणी त्याहून जास्त होते आणि बाहेर पडणारे पाणी नवापूरच्या समुद्रात जात होते. आपल्या शेजारचे नवापूर नव्हे, बोईसरजवळचे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी 2022 मध्ये लवादाने उद्योगांवर आणि प्रक्रिया केंद्रावर कोट्यवधींची भरपाई बसवली, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. मासेमारांनी रसायनशास्त्राचा खटला लढवला, याचे मला अतिशय कौतुक आहे. पण तांत्रिक बाजू अशी की सामायिक केंद्रातले काम जिवाणू करतात, आणि तेल हे जिवाणूंच्या पुंजक्यांवर चढून त्यांचा प्राणवायू अडवते. पुंजके तरंगू लागतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून केंद्रात घ्यायच्या पाण्यातल्या तेलालाही मर्यादा असते. केंद्र तेलासाठी बांधलेलेच नसते. तेल आधीच काढून यायचे असते.

इथे कोणी म्हणेल, आता नवी नवी संशोधने येत आहेत. येत आहेत. 2017 मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेने गादीतल्या फोमवर प्रक्रिया करून आपल्या वजनाच्या 90 पट तेल शोषणारा स्पंज केला. त्याही आधी बंगालचे आनंद मोहन चक्रवर्ती यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये तेल खाणारा जिवाणू घडवला. त्याच्या पेटंटवरचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 16 जून 1980 रोजी पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्ती जिंकले. सजीवाचे पेटंट देता येते, हे त्या दिवशी ठरले. जैवतंत्रज्ञानाचा सगळा उद्योग त्या निकालावर उभा राहिला, पण तो जिवाणू स्वतः कधी उघड्या समुद्रात तेल खायला उतरला नाही. आपल्याकडे टेरी संस्थेने निसर्गातलेच जिवाणू एकत्र करून ऑइलझॅपर तयार केले, ते तेलाने माखलेल्या मातीवर आणि गाळावर खरोखर वापरले जाते. मी या कामांना कमी लेखत नाही. स्पंज तरंगत्या तेलावर उत्तम चालतो. साबणाच्या कवचातल्या 1 मायक्रॉनच्या थेंबापुढे मात्र त्याची पंचाईत होते. आणि उघड्यावर गेलेले तेल परत किती मिळते त्याचा एक हिशेब आहे. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनची विहीर फुटली. जगातला सगळ्यात श्रीमंत देश, हजारो बोटी. सरकारी ताळेबंदाप्रमाणे पाण्यावरून खरवडून परत मिळाले ते तेल 3 टक्के. विहिरीच्या तोंडाशीच पकडलेले 17 टक्के. तोंडाशी आणि उघड्यावर यांतला फरक याहून स्वच्छ कोणी मांडलेला मला माहीत नाही.

यंत्र आहे म्हणजे ते चालते असेही नाही. जहाजांच्या तळातल्या तेलकट पाण्याला आंतरराष्ट्रीय मर्यादा दहा लाखात 15 भागांची आहे, आणि त्यासाठीचे यंत्र प्रत्येक मोठ्या जहाजावर असते. खलाशी त्याला वळसा घालणारा एक पाइप जोडतात, त्याला ते मॅजिक पाइप म्हणतात. डिसेंबर 2016 मध्ये प्रिन्सेस क्रूझेस या बड्या कंपनीला अशाच पाइपापायी 4 कोटी डॉलरचा दंड झाला. वाचवलेला खर्च त्या मानाने किरकोळ होता. आपल्या गाळ्यांतही असे पाइप आहेत, फक्त त्यांना इतके सुंदर नाव नाही.

मग करायचे काय? गाळेवाल्याला मी जे सांगत आलो तेच इथे सांगतो. कूलंट लवकर आंबते कारण मशिनच्या स्लाइडचे तेल त्यात गळते आणि वर थर धरते, त्याखाली हवा जात नाही आणि वास आणणारे जंतू माजतात. टाकीवर एक छोटा पट्टा बसवा, वरचा थर रोज काढा. कूलंट जास्त टिकते, म्हणजे पैसे वाचतात. पर्यावरणाचे नाव न घेता हे पटते, असा अनुभव आहे. जुने कूलंट आणि जळके इंजिन तेल एका पिंपात कधीही घालू नका. नुसते जळके तेल विकले जाते, पाणी मिसळलेले कोणी घेत नाही. पिंपाला छप्पर, खाली कठडा, पावसाचे पाणी आत नको. जमिनीवर सांडलेले तेल साबण टाकून धुऊ नका, लाकडाच्या भुशाने टिपा. साबणाने फरशी स्वच्छ होते आणि गटारातले तेल कायमचे अडकते. एकेका गाळ्याला आम्लाची यंत्रणा परवडणार नाही, हे मला मान्य आहे. पण ओळीतल्या गाळ्यांनी मिळून फक्त कूलंटची एक टाकी ठेवली, दुसरे काहीही त्यात न घालता, तर ते फोडणे एका माणसाचे काम आहे.

जळक्या तेलाचा बाजार मात्र तपासायला हवा. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे ते गेले तर त्यातून पुन्हा वंगण निघते. भट्टीत किंवा डांबर तापवायला गेले तर त्यातले जड धातू आपल्या छातीत येतात. नियम असा की देणाऱ्याने नोंद ठेवावी आणि नेणाऱ्याबरोबर कागद जावा. 1 एप्रिल 2024 पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेले तेल परत येण्याची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे सातिवलीच्या गाळ्यातल्या पिंपात आता मोठ्या कंपनीचाही हिशेब अडकलेला आहे. गाळेवाल्यांच्या संघटनेने हा धागा धरून कंपन्यांना गाडी पाठवायला लावावी. या जबाबदारीची अजून फार थोड्यांना कल्पना आहे.

महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा केंद्र सरकारच्या पाच वर्षे आधी, 1969 मध्ये केला. 7 सप्टेंबर 1970 रोजी आपले प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून मंडळाचा माणूस बहुधा पाइपाच्या टोकाशी बाटली घेऊन उभा राहिला आहे. माझी सूचना आहे की त्याने बाटलीबरोबर गाळ्याचे खरेदीचे बिलही पाहावे. वर्षाला अमुक पिंपे कूलंट विकत घेतले, तर तेवढे कुठेतरी गेलेच असणार. काही चुरीबरोबर जाते, काही उडते, उरलेले कागदावर दिसले पाहिजे. त्या बेरीज-वजाबाकीला प्रयोगशाळा लागत नाही, आणि बिलात पाणी घालून ते पातळ करता येत नाही.

आता प्रश्नोत्तरे. अर्नाळ्याच्या मंडळींपैकी कोणीतरी विचारेलच की गाळेवाल्यांना एवढे सांगितलेत, आमच्या बोटींचे काय? तर तेही बोलू. छोट्या बोटींवर 15 भागांचे यंत्र ठेवण्याची सक्ती नाही. इंजिनाचे तेल बदलले की जुने तेल खाडीत जाते, आणि तळातले तेलकट पाणी बोट बाहेर काढल्यावर उपसले जाते, हे तुम्हीही जाणता आणि मीही. समुद्रावर पहिला हक्क तुमचा, म्हणून हे तुम्हालाच सांगतो. धक्क्यावर झाकणाचे एक पिंप ठेवा, त्यावर ‘फक्त इंजिन तेल, पाणी नको’ असे मोठ्या अक्षरात लिहा, आणि ते भरले की विकून त्याचे पैसे मच्छीमार सोसायटीच्या वहीत जमा करा. पिंपाची किल्ली कोणाकडे असावी, यावर मात्र मी मत देणार नाही. ते तुमचे तुम्ही भांडून ठरवा.